चुका कमी, वेळ फार : देवनागरी वाचनातील अडचण ओळखायची कशी?

पाटीपेन्सिल

मी विशेष शिक्षिका आहे आणि वाचनात मागे पडलेल्या मुलांबरोबर गेली बरीच वर्षे काम करते. या धाग्यात मला एकच मुद्दा मांडायचा आहे. त्यावर इथल्या शिक्षकांचे, पालकांचे आणि भाषेच्या अभ्यासकांचे मत हवे आहे. वाचन-अक्षमता म्हणजे डिस्लेक्सिया ओळखण्याच्या आपल्या बहुतेक सवयी इंग्रजी वाचणाऱ्या मुलांवरील संशोधनातून आल्या आहेत. त्या सवयीप्रमाणे आपण वाचनातील चुका मोजतो, आणि देवनागरी वाचणारे मूल फारशा चुका करत नसल्यामुळे ते आपल्या नजरेतून निसटते.

चौथीतला एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘वाचन शुद्ध, परंतु सराव कमी पडतो’ असा शेरा होता. मी त्याच्यापुढे तिसरीच्या पातळीचा उतारा ठेवला. त्याने तर्जनी ओळीखाली धरली आणि ‘विद्यार्थी’ या शब्दापाशी तो थांबला. ओठ हलले, आवाज आला नाही. मग ‘वि’, पुन्हा ‘वि’, ‘विद्या’, आणि थोड्या वेळाने एकदम ‘विद्यार्थी’. शब्द बरोबर वाचला. दोन ओळींनंतर तोच शब्द पुन्हा आला, तेव्हाही त्याला तेवढाच वेळ लागला. मघाशी भेटलेल्या शब्दाची ओळखच राहिली नव्हती. संपूर्ण उताऱ्यात त्याच्या चुका झाल्या दोन. मात्र उतारा संपेपर्यंत त्याची मान घामाने भिजली होती आणि गोष्टीत काय घडले ते त्याला सांगता येईना.

याच शब्दाकडे थोडे निरखून पाहू. डोळ्यांना सर्वांत आधी दिसते ती वेलांटी, पण उच्चारात आधी येतो व्. शेवटी रफार दिसतो तो ‘थी’च्या डोक्यावर, पण तो र् उच्चारायचा असतो थ् च्या आधी. म्हणजे शब्दाच्या दोन्ही टोकांना पाहण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम यांची फारकत झालेली आहे. सरावलेल्या वाचकाला हे जाणवत नाही, पण त्याचा भार पडत नाही असे मात्र नाही. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर केलेल्या अभ्यासात पहिल्या वेलांटीचे शब्द, म्हणजे ज्यांत स्वरचिन्ह व्यंजनाच्या आधी लिहिले जाते पण नंतर उच्चारले जाते असे शब्द, वाचायला अधिक वेळ लागतो असे दिसून आले. लिपी तीच असल्यामुळे ही गोष्ट आपल्यालाही लागू पडते असे मी मानते.

आता इंग्रजीकडे. या अक्षमतेचे पहिले प्रसिद्ध वर्णन डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये इंग्लंडमधून केले. चौदा वर्षांचा तो मुलगा हुशार होता, आकडेमोड उत्तम करत होता, पण साधे शब्द त्याला वाचता येत नव्हते आणि स्वतःचे नावही तो चुकीचे लिहीत होता. सगळे शिक्षण तोंडी झाले असते तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याचे शिक्षक म्हणत. तेव्हापासून चुकीचे वाचन हे डिस्लेक्सियाचे ठळक लक्षण मानले गेले. पण इंग्रजीची वर्णरचनाच अशी आहे की तिथे निरोगी मुलेही सुरुवातीला भरपूर चुकतात. सेमूर, आरो आणि एर्स्काइन यांनी २००३ मध्ये युरोपातील तेरा भाषांमधील मुलांची तुलना प्रसिद्ध केली. पहिल्या वर्षाच्या अखेरीस फिनिश मुले जवळपास सगळे ओळखीचे शब्द बरोबर वाचत होती, तर स्कॉटलंडमधील इंग्रजी वाचणाऱ्या मुलांचे प्रमाण ३४ टक्के होते.

ऑस्ट्रियातील हाइन्झ विमर यांनी १९९३ मध्ये जर्मन वाचणाऱ्या डिस्लेक्सिक मुलांविषयी जे लिहिले ते वाचताना मला माझ्याच खोलीतली मुले दिसली. उच्चाराशी बऱ्यापैकी इमान राखणाऱ्या त्या लिपीव्यवस्थेत ही मुले शब्द बहुधा अचूक वाचत होती, पण अतिशय सावकाश. पुढे लँडर्ल, विमर आणि फ्रिथ यांनी १९९७ मध्ये इंग्रज आणि जर्मनभाषक डिस्लेक्सिक मुलांना सारख्याच शब्दांवर तपासले, तेव्हा इंग्रज मुले कितीतरी जास्त चुकली. मुळातली उणीव दोन्हीकडे सारखीच असताना लिपीनुसार तिचे बाह्य रूप बदलले होते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की मराठी वाचणाऱ्या मुलाची चाचणी घेताना चुकांच्या रकान्याशेजारी वेळेचा रकाना असलाच पाहिजे, आणि एकच शब्द दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा भेटल्यावर वेळ कमी होतो का हेही पाहिले पाहिजे. डेव्हिड शेअर यांनी १९९५ मध्ये मांडल्याप्रमाणे, मूल एखादा शब्द स्वतः उलगडून वाचते तेव्हा त्या शब्दाचे रूप त्याच्या स्मृतीत बसते, आणि अशा थोड्याच भेटींनंतर तो उलगडावा लागत नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हीच पायरी अडली होती. वर्गात वेळ मोजण्याचा अनुभव कोणाला आहे का?

तळेगावचा_पालक

आपला लेख वाचून मी माझ्या मुलाच्या वह्या काढून बसलो. तो इंग्रजी माध्यमात पाचवीत आहे. घरात मराठी बोलतो, शाळेत मराठी हा एक विषय आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्याची तपासणी करून घेतली, ती संपूर्ण इंग्रजीतून झाली. अहवालात लिहिले आहे की वर्णलेखनात असंख्य चुका आहेत, बी आणि डी या अक्षरांची अदलाबदल होते, सबब डिस्लेक्सिया असण्याची शक्यता आहे. मराठीत त्याला काही वाचायला दिले होते का, असे मी विचारले, तेव्हा ‘त्याची आवश्यकता नसते’ असे उत्तर मिळाले.

माझी शंका अशी आहे. त्याच्या इंग्रजी चुका अक्षमतेमुळे आहेत की घरी इंग्रजी नसल्यामुळे, हे मला कसे कळावे? शिवाय मराठीत तो उलट अक्षरे कधीच काढत नाही. मग मराठीत त्याला ही अडचण नाही असे समजायचे का?

स्वरव्यंजन

धाग्याचा मूळ मुद्दा मला मान्य आहे, पण दोन ठिकाणी सावधगिरी सुचवतो. मी भाषाविज्ञान शिकवतो; मुलांच्या तपासणीचा मला अनुभव नाही.

पहिली गोष्ट, ‘मराठी जशी बोलतो तशी लिहितो’ हे वाक्य आपण फार सहज उच्चारतो. ‘कमळ’ या शब्दात तीन अक्षरे दिसतात, पण शेवटच्या ळ मधला अ आपण उच्चारत नाही. ‘सरक’ म्हणताना क मधला अ गळतो, तर ‘सरकेल’ म्हणताना र मधला. हा नियम लिपीत कुठेही लिहिलेला नाही. मूल तो बोली भाषेच्या ज्ञानातून लावते. ‘चार आंबे’ मधला च आणि ‘गुरे चार’ मधला च यांचे उच्चार वेगळे, अक्षर एकच. ऱ्हस्व-दीर्घाचे तर विचारूच नका, कारण तिथे लेखनाचा नियम एक आणि बहुतेकांचा उच्चार दुसराच असतो. त्यामुळे देवनागरीला फिनिशच्या किंवा जर्मनच्या शेजारी बसवताना हात थोडा आखडता घ्यावा. वाचनाच्या दिशेने ती सोपी आहे, लेखनाच्या दिशेने तितकी नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. युरोपातील मुलांना जेमतेम तीस चिन्हे शिकायची असतात. आपली बाराखडीच पाहा: चौतीस व्यंजने धरली आणि प्रत्येकाची बारा रूपे केली तर चारशे आठ आकृती होतात, आणि अजून जोडाक्षरांना हातही लागलेला नाही. एकट्या र ची कर्म, क्रम, राष्ट्र आणि दुसऱ्या अशी चार वेषांतरे आहेत. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी वाचणाऱ्या मुलांची अक्षरओळख पहिल्या-दुसऱ्या वर्षातच पुरी होते, तर कन्नड अक्षरांचा संच आत्मसात करण्याचे काम चौथीपर्यंत चालूच राहते, असे त्यांना आढळले. म्हणजे आपल्याकडे दुसरीतले निरोगी मूलही सावकाश वाचणारच. नुसत्या वेळेवर बोट ठेवले तर अशा मुलांवर विनाकारण शिक्का बसेल.

आणखी एक. पाश्चात्त्य चाचण्यांमध्ये ध्वनींची जाण तपासण्यासाठी शब्दातून एक सुटा ध्वनी काढून टाकायला सांगतात. ब्रॅडली आणि ब्रायंट यांच्या १९८३ च्या संशोधनानंतर या जाणिवेला वाचनाचा पाया मानले गेले. आपल्या मुलाला ‘कमळ’ मधून क काढायला सांगा, ते चटकन ‘मळ’ म्हणेल. आता ‘कप’ मधून फक्त क् चा ध्वनी काढून ‘अप’ म्हणायला सांगा. चांगले वाचणारे मूलही गोंधळते, कारण आपली लिपी त्याला क् आणि अ वेगळे करून दाखवतच नाही. प्रकाश, प्रतिभा कारंत आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्येच दाखवले होते की कन्नड उत्तम वाचणारी मुले या कामात कच्ची असू शकतात. सुट्या ध्वनीची जाण ही रोमनसारखी, ध्वनीला सुटे अक्षर देणारी लिपी शिकल्याने येते, हे त्याआधी मोराइस यांनी १९७९ मध्ये पोर्तुगालमधील निरक्षर प्रौढांबरोबर काम करून सांगितले होते. तेव्हा परदेशी चाचणीचे नुसते भाषांतर करून ती मराठी मुलाला देणे हे मापच चुकवणारे आहे.

पाटीपेन्सिल

स्वरव्यंजन, आपल्या दोन्ही सूचना मी मान्य करते. तुलनेशिवाय वेळेचा आग्रह धरण्यात माझी घाई झाली. त्याच शाळेतील, त्याच इयत्तेतील आणि त्याच पुस्तकातून शिकलेल्या मुलांशी तुलना केल्याशिवाय वेळेला अर्थ नाही, आणि तिसरीच्या आधी तर मी फक्त नोंद ठेवते, निष्कर्ष काढत नाही. ‘कप’चा प्रयोग मी स्वतः केलेला आहे. एका मुलीने क् काढायला सांगितल्यावर मला ‘प’ असे उत्तर दिले आणि वर विचारले, ‘बाई, अजून काय उरणार?’ तिच्या लिपीच्या हिशेबाने तिचे बरोबरच होते.

तळेगावच्या पालकांच्या प्रश्नाकडे वळते. तुमच्या मुलाच्या इंग्रजी चुकांवरून निर्णय करता येणार नाही, ही तुमची शंका रास्त आहे. अक्षमता असेल तर तिचा माग दोन्ही भाषांत लागला पाहिजे, जरी दोन्हीकडे तिचे रूप निराळे दिसले तरी. बी आणि डी ची अदलाबदल हा पुरावा म्हणून फार कमकुवत आहे. ती सुरुवातीला बहुतेक मुले करतात, आणि अक्षरे उलटी दिसणे हे डिस्लेक्सियाचे कारण नव्हे हे व्हेल्युटिनो यांनी १९७९ मध्येच सविस्तर मांडले आहे. देवनागरीत आरशातल्यासारख्या जोड्या जवळजवळ नाहीत, म्हणून तुमचा मुलगा मराठीत उलट अक्षरे काढत नाही. मराठीत पाहायचे असेल तर घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व या जोड्यांकडे पाहा. त्याही जोड्यांत तो चुकत नसेल तर शेजारी घड्याळ ठेवून त्याला गोष्ट वाचायला द्या.

तपासणी मराठीतून होऊ शकते, हेही सांगून ठेवते. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या पुढाकाराने ‘डाली’ हा चाचणीसंच तयार झाला आणि २०१५ मध्ये प्रकाशित झाला. तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांत आहे, आणि त्यात पहिली-दुसरीसाठी व तिसरी ते पाचवीसाठी शिक्षकांनी भरायच्या वेगळ्या प्राथमिक तपासण्या आहेत. ‘आवश्यकता नसते’ असे कोणी पुन्हा म्हणाले तर हे नाव सांगावे.

निवृत्त_गुरुजी

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत छत्तीस वर्षे शिकवले, त्यातली बरीच वर्षे दोन इयत्ता एकाच खोलीत होत्या. मला या चर्चेची एक बाजू अस्वस्थ करते, ती मांडतो. पाचवीतल्या मुलाला दुसरीचा उतारा वाचता येत नाही ही तक्रार मुलांचे वाचन तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीच्या अहवालांतून वर्षानुवर्षे येते आणि ती देशभरातील ग्रामीण भागातल्या सुमारे निम्म्या मुलांविषयी असते. एवढ्या मुलांना मेंदूची अडचण नक्कीच नाही. त्यांना कोणी नीट वाचायला शिकवलेले नाही, किंवा ती ऊसतोडीच्या हंगामात चार-पाच महिने शाळेतच नव्हती. आपण घड्याळ घेऊन अशा वर्गात गेलो तर काय सापडणार? सगळेच सावकाश वाचणारे.

माझ्या वर्गातल्या एका मुलाला मी आयुष्यभर विसरणार नाही, म्हणून ही दुसरी बाजूही सांगतो. तो गावी आजीजवळ राहायचा, एकही दिवस शाळा बुडवायचा नाही, आणि कीर्तन ऐकून आल्यावर सगळे आख्यान दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचा. वाचनात मात्र सदैव शेवटचा. मी त्याला आळशी ठरवले आणि शिक्षा म्हणून पाठ दहा-दहा वेळा लिहायला लावले. आज हा धागा वाचताना त्याचे बोट ओळीखाली अडखळताना आठवले. तेव्हा मला कोणी हे सांगितले असते तर बरे झाले असते. तो विषय आमच्या डी.एड.ला नव्हता.

आणखी एक प्रश्न आहे. आकड्यांचेही असेच काही असते का? कारण ‘एकोणसाठ लिहा’ म्हटले की अर्धा वर्ग एकोणसत्तर लिहायचा.

त्रैराशिक

गुरुजींच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देते, कारण तो माझ्या आवडीचा आहे आणि धाग्याला धरूनही आहे.

मराठीत एक ते शंभर या संख्यांची नावे जवळजवळ सगळी स्वतंत्र पाठ करावी लागतात. दोन हा अंक बावीसमध्ये बा, बत्तीसमध्ये ब, बेचाळीसमध्ये बे आणि ब्याऐंशीमध्ये ब्या होतो. त्यातही एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो: ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी येतात, पण पाटीवर सहा आधी काढावा लागतो. वर विद्यार्थी या शब्दाबद्दल जे सांगितले तोच हा प्रकार आहे, ऐकण्याचा क्रम एक आणि लिहिण्याचा क्रम दुसरा. जर्मनमध्येही एकक आधी बोलतात. पहिलीतल्या जर्मनभाषक मुलांनी ऐकून लिहिलेल्या संख्यांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की त्यांच्या चुकांपैकी जवळपास निम्म्या या उलटापालटीशी निगडित होत्या. आपल्याकडे त्यावर कडी म्हणजे ‘एकोण’. एकोणसाठ ऐकताना कानात साठ शिरतो, आणि मुलाने त्यातून एक वजा करून पन्नासच्या घरात जायचे असते. गुरुजींच्या अर्ध्या वर्गाने साठ ऐकला, शेवटी नऊ येतो हे त्यांना माहीत होते, म्हणून त्यांनी ६९ लिहिले. चूक विचारपूर्वक केलेली आहे.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’, बावीससाठी ‘वीस दोन’ अशी वाचनपद्धत जुन्या नावांच्या जोडीला दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला हे सर्वांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची अडचण आणि बोलण्या-लिहिण्याच्या क्रमातील तफावत हीच कारणे दिली होती. वर्तमानपत्रांतून विनोदच जास्त झाले. मराठी संपेल की काय अशी भीती घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी दुसरीतल्या मुलाची पाटी पाहिली असावी, असे माझे मत आहे. जुनी नावे जायला नकोत हे मलाही वाटते, पण पायरी म्हणून ‘साठ तीन’ वापरल्याने माझ्या शिकवणीतल्या दोन मुलांचा गोंधळ निवळला आहे.

मात्र गणनअक्षमता, म्हणजे डिसकॅल्क्युलिया, ही याहून वेगळी गोष्ट आहे. त्यात संख्येच्या नावाऐवजी संख्येचा आकारच मनात ठरत नाही. आठ मोठे की सहा, हे सांगायलाही ते मूल बोटे मोजते. ‘एकोणसाठ’ची चूक भाषेच्या वळणातून येते आणि बहुतेकांची दुसरी-तिसरीत जाते.

तळेगावचा_पालक

पाटीपेन्सिल, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी काल करून पाहिले. घरात एक बालमासिक येते, त्यातली एक पानभर गोष्ट मुलाला आणि त्याच्याहून दोन वर्षांनी लहान असलेल्या मुलीला वेगवेगळी वाचायला दिली. मुलीने अडखळत, तीन चुका करत ती चार मिनिटांच्या आत संपवली. मुलाने एकच चूक केली आणि त्याला साडेनऊ मिनिटे लागली. मी स्वतः वाचून दाखवल्यावर त्याच गोष्टीवरचे प्रश्न त्याने तिच्यापेक्षा चांगले सोडवले. इतकी वर्षे मराठीत त्याला काही अडचण नाही असे आम्ही धरून चाललो होतो.

आता पुढची शंका. मागच्या अहवालात बुद्ध्यंक आणि वाचनातील तफावत असा शब्दप्रयोग आहे. अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी बुद्ध्यंक लागतोच का, आणि त्यातून नेमके काय कळते?

पाटीपेन्सिल

गुरुजी, आपला आक्षेप या विषयाच्या मर्मावर आहे. शिकण्याची संधीच मिळाली नसेल तर अध्ययन-अक्षमता असे निदान करता येत नाही, हे व्याख्येतच आहे. म्हणून मी आधी शिकवते. रोज ठरावीक वेळ, क्रमाने, काही महिने. ऊसतोड मजुराचे मूल अशा शिकवण्याने झपाट्याने पुढे सरकते. ज्याला खरी अडचण आहे ते मूल सरकते, पण त्याची चाल तीच राहते. तुमच्या त्या विद्यार्थ्याकडे हजेरी होती, ऐकून समजण्याची विलक्षण ताकद होती, आणि तरीही वाचन अडलेले होते. हा त्रिकोण जिथे दिसतो तिथे मी थांबते.

बुद्ध्यंकाविषयी. आपल्याकडे याचा इतिहास जुना आहे, व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, आणि नागपूरहून मालिन यांची भारतीय मुलांसाठीची श्रेणी आली. त्या आजही वापरल्या जातात. बुद्ध्यंक चांगला आणि वाचन कमी, ही तफावत पूर्वी निदानाची अटच होती. अमेरिकन मनोविकार संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ती अट काढून टाकली, कारण वाचनातील अडचणीचे स्वरूप बुद्ध्यंकावरून ठरत नाही असे दोन दशकांच्या संशोधनातून दिसले होते. आपल्याकडे प्रमाणपत्राच्या प्रक्रियेत बुद्ध्यंक अजून मागतात, त्यामुळे तो काढून घ्यावा, पण मुलाला कसे शिकवावे हे त्या एका आकड्यातून मला कधीच कळलेले नाही.

त्यापेक्षा मला उपयोगी पडते ती जगन्नाथ प्रसाद दास यांची मांडणी. ओडिशातले दास कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात काम करत होते. रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया यांच्या विचारांच्या आधाराने त्यांनी बुद्धीकडे चार प्रक्रिया म्हणून पाहिले: नियोजन, अवधान, अनेक गोष्टी एकाच वेळी जुळवून पाहणे, आणि गोष्टी एकामागून एक क्रमाने धरून ठेवणे. नॅग्लिएरी यांच्यासह त्यांनी १९९७ मध्ये त्यावर चाचणीही काढली. वाचन अडलेल्या पुष्कळ मुलांमध्ये चौथी प्रक्रिया कच्ची असते. पाढ्यांचे पाहा. ‘सात सक’ विचारले की हे मूल ‘सात एके सात’पासून निघते, मध्येच साखळी तुटते, आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. बॅडली आणि हिच यांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीची जी कल्पना मांडली ती इथे डोळ्यांना दिसते: जितका वेळ शब्द उलगडण्यात जातो तितकी आधीची अक्षरे मनातून ओघळून जातात. अशा मुलाला दहा वेळा लिहायला लावून काही मिळत नाही. विद्यार्थी हा शब्द मी ‘विद्या’ आणि ‘अर्थी’ असा मोडून, दोन पट्ट्यांवर लिहून देते. ‘अर्थी’ची पट्टी मग ‘परीक्षार्थी’, ‘स्वार्थी’, ‘शरणार्थी’ यांनाही चालते आणि क्रम धरून ठेवण्याचे ओझे हलके होते.

प्रमाणपत्राचा उपयोग आहे. महाराष्ट्राने १९९६ पासूनच शालान्त परीक्षेत या मुलांना सवलती देण्यास सुरुवात केली. १९९५ च्या अपंगत्वविषयक केंद्रीय कायद्यातील सात प्रकारांत ही अक्षमता नव्हती, २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत ती आली. लेखनिक मिळतो, आणि तासाला किमान वीस मिनिटे जादा मिळतात. तुमच्या मुलाला साडेनऊ मिनिटे लागली ना, तेव्हा जादा वेळ म्हणजे मेहेरबानी नव्हे हे तुम्हाला शाळेत सांगता येईल.

स्वरव्यंजन

‘अर्थी’ची पट्टी वाचून राहवले नाही. तिथे तुम्ही रफाराचा र् परत त्याच्या उच्चाराच्या जागी, म्हणजे अ च्या लगेच नंतर ऐकवता. संधी सोडवून शिकवण्याची आपली जुनी रीत इथे वेगळ्याच कारणाने कामी आली.

निवृत्त_गुरुजी

आमच्या वस्तीत संध्याकाळी मी सात-आठ मुलांना घेऊन बसतो. काल रंगीत खडूंनी एका कागदावर पाच रंगांचे पन्नास चौकोन काढले आणि एकेकाला भराभर रंगांची नावे घ्यायला सांगितली. वाचन अडलेली मुले ओळखण्यासाठी डेंक्ला आणि रूडेल यांनी १९७६ मध्ये वापरलेली ही युक्ती माझ्या नातीने शोधून दिली. बहुतेकांनी गमतीने, न थांबता नावे घेतली. एक चौथीतली मुलगी प्रत्येक चौकोनाशी अडत होती. रंग तिला सगळे माहीत आहेत, नाव ओठांवर यायला वेळ लागतो. ही मुलगी वाचनात चुकत नाही म्हणून तिच्याकडे माझे कधी लक्षच गेले नव्हते. तिचे आईवडील येथेच बांधकामावर आहेत, हजेरी चांगली आहे. तिला कोठे न्यावे?

पाटीपेन्सिल

आधी डोळे आणि कान तपासून घ्या, ते तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात होईल. एका रंगांच्या कागदावरून काही ठरत नाही. रोज वीस मिनिटे तिला तुमच्याजवळ वाचू द्या, आणि दर शनिवारी एक नवा पण तेवढ्याच लांबीचा उतारा देऊन वेळ व चुका दोन्ही वहीत लिहा. शेजारी त्याच इयत्तेतल्या दोन मुलांचीही नोंद ठेवा. तीन महिन्यांनी ती वही घेऊन मला व्यक्तिगत निरोप पाठवा. मराठीतून तपासणी करणाऱ्या केंद्रात आपण ती वही सोबत घेऊन जाऊ.

निवृत्त_गुरुजी

आज शनिवारच आहे. वही घातली. पहिला उतारा, बासष्ट शब्द, चुका एक, वेळ सहा मिनिटे दहा सेकंद.